बोर्ड सगळ्यात शेवटी घे

पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षात असलेला, कळंब्याकडे राहणारा एक मुलगा विचारतोय: "काका, बाबांच्या जुन्या म्युझिक सिस्टिमचे दोन स्पीकर माळ्यावर पडून आहेत. मागे ८ ओहम लिहिलंय. खोली दहा बाय बाराची. तीन हजारांच्या आत डिजिटल ॲम्प्लिफायरचं किट घेऊन स्वतः जोडायचंय. १००+१०० वॅटचा बोर्ड घेऊ का ५०+५० चा? लॅपटॉपचा जुना ॲडॉप्टर चालेल का? आणि डिजिटल ॲम्पचा आवाज कोरडा असतो म्हणतात, ते खरं आहे का?"

तू बोर्डापासून सुरुवात केलीस. माझ्याकडे येणारे दहापैकी नऊ जण तिथूनच सुरू करतात: आधी बोर्ड घेऊन येतात, मग त्याला चालेल असा सप्लाय शोधतात आणि स्पीकर सगळ्यात शेवटी आठवतो. गेली पंचवीस वर्षं मी कोल्हापुरात ॲम्प दुरुस्त करतोय आणि बांधतोय, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की हा क्रम उलटा कर. आधी स्पीकर तपास, मग खोलीचा अंदाज घे, त्यावरून सप्लाय ठरव. तोवर बोर्ड कुठला घ्यायचा हे जवळजवळ आपोआप ठरलेलं असतं.

तर स्पीकर माळ्यावरून खाली काढ. जाळी काढून कोनच्या कडेची गोल पट्टी बघ. ती फोमची असेल तर इतक्या वर्षांत बोट लावताच पीठ होऊन हातात येईल. तसं झालं असेल तर आधी ती बदलायला हवी, नाहीतर ॲम्प कितीही चांगला असला तरी आवाज फाटणारच. रबराची किंवा कापडाची असेल तर बहुतेक टिकली असेल. मग दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवून अगदी हलकेच आत दाब. खरखर जाणवली तर आतली कॉइल घासतेय. मल्टिमीटर ओहमवर ठेवून टर्मिनलवर मोज. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ६ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते ३.७. मागे चिकटवलेल्या कागदापेक्षा या आकड्यावर विश्वास ठेव, कारण जुन्या सिस्टिमचे स्पीकर कधी तरी कुणी तरी बदललेले असतात. शेवटी दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकव. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लागला की कोन बाहेर यायला हवा. दोन्ही स्पीकर एकाच दिशेने हलत नसतील तर एकाच्या वायरी आत उलट्या लागल्या आहेत, आणि तसे वाजवलेस तर बेस गायब होईल. मग तू बोर्डाला दोष देत बसशील.

आता वॅट. तू ज्याला डिजिटल ॲम्प म्हणतोस त्याचं खरं नाव क्लास डी. बाजारात विकत मिळालेला पहिला क्लास डी ॲम्प म्हणजे १९६४ साली ब्रिटनमध्ये सिंक्लेअर रेडिऑनिक्सने काढलेला एक्स-१०, आणि तोही किटच होता. नावात १० होते, प्रत्यक्षात मिळायचे सुमारे अडीच वॅट. साठ वर्षं झाली, पण बोर्डावरचा आकडा आणि स्पीकरला मिळणारा आकडा यांतलं अंतर काही मिटलेलं नाही. म्हणून आकडा स्वतः काढायला शिक. तू बघतोयस ते बहुतेक सगळे बोर्ड ब्रिज पद्धतीचे आहेत, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही टोकांना वेगवेगळा ॲम्प ढकलत असतो. अशा बोर्डातून जास्तीत जास्त किती मिळेल हे सोपं आहे: सप्लायच्या व्होल्टेजचा वर्ग कर आणि त्याला स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने भाग. १९ व्होल्ट आणि ८ ओहम असेल तर ३६१ भागिले १६, म्हणजे साडेबावीस वॅट. चिपमधला थोडा तोटा धरला की वीस. १२ व्होल्टवर तेच ९ होतात, २४ व्होल्टवर ३६. यात चिपचं नाव कुठेच आलं नाही, हे लक्षात घे. १००+१०० म्हणून विकला जाणारा बोर्ड बहुधा टीडीए ७४९८ चा असतो. ही चिप बनवणारी एसटी कंपनी १०० वॅटचा आकडा देते तो ३६ व्होल्टवर, ६ ओहमला आणि १० टक्के डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजातली विकृती, धरून. १० टक्के म्हणजे गाणाऱ्याचा गळा फाटल्यासारखा ऐकू येतो. तुझ्या १९ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर हा १०० वॅटचा बोर्ड लाव नाहीतर ५० वॅटचा, स्पीकरला मिळणार तेच वीस-बावीस वॅट.

वीस वॅट कमी वाटतात, मला माहीत आहे. पण पॉवर दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला "दुप्पट" वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट पॉवर लागते. घरगुती स्पीकर १ वॅटला एक मीटरवर ८६ ते ९० डेसिबल देतो. ८७ धर. वीस वॅटला त्यात १३ मिळव, झाले १००. दहा बाय बाराच्या खोलीत पलंगावर बसून ऐकताना अंतरापायी काही डेसिबल कमी होतील, दोन स्पीकर आहेत म्हणून थोडे परत येतील. तरी ९५ च्या आसपास राहशील. एवढ्या आवाजात शेजारच्या माणसाशी बोलताना ओरडावं लागतं. शंभर वॅट घेतलेस तरी यात फक्त ७ डेसिबलची भर पडेल आणि ती भर बाबांच्या स्पीकरची कॉइल जाळायला पुरेशी असेल. तालीम मंडळांची मोठी सिस्टिम मी बांधलेली आहे, तिथला हिशोब वेगळा असतो: मोकळा रस्ता आणि समोर हजारो माणसं. तो हिशोब घरच्या खोलीत आणू नकोस.

"डिजिटल" या शब्दाबद्दल. क्लास डी मधला डी डिजिटलचा नाही. ए, बी, सी ही नावं आधीच घेतली होती म्हणून पुढचं अक्षर आलं. उसाला पाणी पाजताना दारं धरणारा माणूस बघितला असशील. पाटाचं दार अर्धवट उघडं ठेवलं की पाणी कडेने घासत, माती कापत जातं आणि अर्धं तिथंच मुरतं. जुना क्लास एबी ॲम्प असाच चालतो: ट्रान्झिस्टर अर्धवट उघडे राहतात आणि उरलेली वीज हीटसिंक तापवण्यात जाते. क्लास डी मध्ये दार एकतर सताड उघडं असतं नाहीतर पक्कं बंद. सेकंदाला चारेक लाख वेळा ही उघडझाप होते आणि दार किती वेळ उघडं ठेवलं यावरून पाणी मोजलं जातं. हा "किती वेळ" कुठल्याही आकड्यांच्या पायरीत बसवलेला नसतो, तो आवाजाबरोबर हवा तसा कमीजास्त होतो, म्हणून हे काम मुळात ॲनालॉगच आहे. अर्धवट दार नसल्यामुळे तोटा कमी आणि ९० टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरपर्यंत पोचते. बाहेर येणारे हे लोंढे एकसारखे करून देतात त्या बोर्डावरच्या कॉइल आणि कंडेन्सर. स्पीकरमधून येणाऱ्या आवाजाची चव बरीचशी तिथं ठरते.

कोरड्या आवाजाचं उत्तरही तिथंच आहे. अशा चिपमध्ये फीडबॅक, म्हणजे चूक दुरुस्त करण्यासाठी आउटपुटचा परत आणलेला नमुना, बहुधा कॉइलच्या अलीकडून घेतलेला असतो, त्यामुळे कॉइल आणि स्पीकर मिळून जे काही करतात ते दुरुस्त करायला कुणीच नसतं. गणित करून बघ: १० मायक्रोहेन्रीची कॉइल आणि ०.६८ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असेल तर ८ ओहमला २० किलोहर्ट्झवर आवाज साधारण अर्धा डेसिबल वर जातो, ४ ओहमला पाऊण डेसिबल खाली. कुणाच्याही लक्षात येणार नाही. पण त्याच जागी २२ मायक्रोहेन्रीची कॉइल असलेल्या बोर्डावर ४ ओहमचा स्पीकर लावलास, तर २० किलोहर्ट्झवर जवळजवळ ४ डेसिबल आणि १० किलोहर्ट्झवर सव्वा-दीड डेसिबल गळतात. झांज, घुंगरू, व्हायोलिनचा गज, सगळ्याचा वरचा काठ जातो आणि मग लोक म्हणतात डिजिटलमध्ये जीव नसतो. चूक जोडणीची असते. तुझे स्पीकर ८ ओहमचे आहेत. १० मायक्रोहेन्रीचा बोर्ड चालेल आणि २२ चाही फारसं बिघडवणार नाही. कॉइलवर १०० छापलेलं असतं म्हणजे १०, आणि २२० म्हणजे २२. याने गोंधळू नकोस, शेवटचा आकडा किती शून्यं जोडायची ते सांगतो, आणि इथे तो शून्य आहे.

आता चिपकडे येतो. पीएएम ८४०३ ही ५ व्होल्टवर चालणारी ३ वॅटची छोटी चिप. सोल्डरिंगचा हात बसवायला एक जरूर घे, जळली तरी वाईट वाटणार नाही. तुझ्या कामासाठी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३११६ किंवा तिचीच बहीण ३११८ योग्य. दोन्ही ४.५ ते २६ व्होल्टवर चालतात. ३११६ चा उष्णता देणारा पत्रा चिपच्या डोक्यावर असतो, तिला वरून हीटसिंक लागतोच. ३११८ चा पत्रा खाली असतो आणि उष्णता बोर्डाच्या तांब्यात उतरते. ८ ओहमला २४ व्होल्टवर ३११८ चा आकडा ३० वॅटचा आहे, म्हणजे तुझ्या गरजेपेक्षा थोडा जास्तच. १९ व्होल्ट आणि ८ ओहमला मी ३११८ घेईन: हीटसिंक कसा बसवलाय, मध्ये पेस्ट आहे की नाही, ही काळजी उरत नाही. टीपीए ३२५५ फार चांगली चिप आहे, पण तिला ४८ व्होल्टचा भक्कम सप्लाय लागतो आणि तुझं सगळं बजेट त्यातच जाईल. आयआरएस २०९२ चे बोर्ड दिसायला रुबाबदार असतात. त्यांना प्लस-मायनस दुहेरी सप्लाय लागतो आणि आउटपुटचं एक मॉस्फेट (उघडझाप करणारा ट्रान्झिस्टर) शॉर्ट झालं की सप्लायचं पूर्ण डीसी स्पीकरच्या कॉइलवर येतं. स्पीकर वाचवणारं रिले सर्किट स्वतः बांधता येईपर्यंत त्याला हात लावू नकोस.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. या चिपचे पाय इतके बारीक असतात की डिजिटल किट म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा चिप बसवून आलेला तयार बोर्डच असतो. तुझ्या हाताला काम उरतं ते सप्लाय, वायरिंग, व्हॉल्यूम, पेटी आणि तपासणीचं. हे काम छोटं समजू नकोस, ॲम्प चांगला किंवा वाईट होतो तो याच कामात. प्रत्येक पार्ट स्वतः टोचून सोल्डर करायचाच असेल, तर एलएम ३८८६ सारख्या क्लास एबी चिपचं किट दुसऱ्या सुट्टीसाठी ठेव.

बोर्ड हातात आल्यावर काय बघायचं? पहिल्यांदा कॉइल. शेंगदाण्याएवढ्या बारक्या कॉइल असतील तर परत ठेव. ४ ओहमला २४ व्होल्टवर करंटची टोकं ६ ॲम्पियरपर्यंत जाऊ शकतात. त्यात कॉइलचा गाभा भरून गेला की ती कॉइल राहतच नाही, नुसती वायर होते. मग चिपला अगदी चिकटून छोटे कंडेन्सर आहेत का आणि सप्लायला ३५ व्होल्टचे निदान हजार मायक्रोफॅरडचे दोन तरी आहेत का बघ. २५ व्होल्टचे कंडेन्सर लावून २४ व्होल्टला चालवा म्हणणारे बोर्ड मी पाहिले आहेत. ते पहिल्या उन्हाळ्यात फुगतात. चिपवरची अक्षरं तिरक्या उजेडात वाच. एकदा मी ऑनलाइन मागवलेल्या चार बोर्डांतल्या दोघांवर चिपचा पाठीचा भाग घासून नवीन नंबर छापला होता. नख लावलं तर शाई निघाली. २१ व्होल्टला त्या दोन्ही गेल्या. तेव्हापासून मी बोर्ड आला की आधी १२ व्होल्टवर तासभर वाजवतो आणि मगच पुढे जातो.

सप्लायला सगळ्यात जास्त वेळ दे. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा ६५ वॅटचा ॲडॉप्टर तुला पुरेल: दोन्ही बाजू मिळून ४० वॅट सतत बाहेर पडले तरी आत ४५ लागतात, आणि संगीतात ते सतत नसतंच. काही ॲडॉप्टरच्या पिनमध्ये मधोमध एक बारीक सुई असते. ती लॅपटॉपला ओळख देण्यासाठी आहे, तिला काही जोडायचं नाही. आतली बाजू प्लस आणि बाहेरची मायनस हे मीटरने खात्री करूनच घे. टाइप-सी चार्जर मात्र तसा चालत नाही; समोरून मागणी आल्याशिवाय तो ५ व्होल्टच्या वर जात नाही, त्याला मध्ये ट्रिगर बोर्ड लागतो. एलईडी पट्ट्यांसाठी मिळतो तो २४ व्होल्टचा जाळीदार लोखंडी सप्लाय घेतलास तर कोपऱ्यातला छोटा स्क्रू फिरवून तो २४ वर आहे ना ते बघ. कधी कधी तो २६-२७ वर ठेवलेला येतो आणि चिपची मर्यादा २६ आहे. त्याच्या टर्मिनलवर २३० व्होल्ट उघडे असतात, म्हणून तो पेटीच्या वेगळ्या कप्प्यात, अर्थिंग जोडून, फ्यूज लावूनच.

जुन्या वळणाचा ट्रान्सफॉर्मर वापरणार असशील तर इथे थांबून नीट वाच, कारण सगळ्यात जास्त बोर्ड याच चुकीने जातात. दुकानात "चोवीस व्होल्टचा द्या" म्हटलं की १२-०-१२ किंवा २४ चा ट्रान्सफॉर्मर हातात येतो. ते चोवीस एसी आहेत. ब्रिज रेक्टिफायर आणि कंडेन्सरनंतर त्याचे १.४१४ पट होतात, डायोडचा तोटा वजा करून ३२ च्या वर. ३११८ त्या क्षणी संपली. तुला १५ व्होल्ट एसीचा हवा, तो साधारण २० व्होल्ट डीसी देतो. १८ चा घेतलास तर कागदावर २४ येतात. पण लोड नसताना ट्रान्सफॉर्मर वरचं व्होल्टेज देतो, आणि गावाकडे रात्री मोटारी बंद झाल्या की लाइन २५० च्या आसपास गेलेली मी मीटरवर पाहिली आहे. तेव्हा २६ ची रेघ सहज ओलांडली जाते.

सप्लायनंतर गेन, म्हणजे आत आलेला सिग्नल ॲम्प किती पट वाढवतो ते. हा भाग लोक सोडून देतात आणि मग रात्री शांततेत स्पीकरमधून सूऽऽ येतो म्हणून तक्रार करतात. १९ व्होल्टवर तुझ्या ॲम्पचं पूर्ण आउटपुट साधारण १३ व्होल्ट आरएमएस आहे. चांगला डॅक (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारी डबी) २ व्होल्ट देतो, त्याला साडेसहा पट वाढवलं की झालं. फोन साधारण १ व्होल्टपर्यंत देतो, त्याला तेरा पट. ३११६ आणि ३११८ मध्ये दोन रेझिस्टर बदलून २०, २६, ३२ किंवा ३६ डेसिबल गेन ठरवता येतो, म्हणजे १०, २०, ४० किंवा ६३ पट. चाळीस पट वाढवून व्हॉल्यूमने परत कमी करायचं म्हणजे फक्त सूऽऽ वाढवायचा. बोर्ड ३२ वर आला असेल तर २६ वर आण. डॅकच वापरणार असशील तर २० वर. व्हॉल्यूमचा पॉटही, म्हणजे नॉबखालचा फिरता रेझिस्टर, याच्याशी जोडलेला आहे. ३२ डेसिबलला चिपचा इनपुट रेझिस्टन्स १५ किलोओहमच असतो, २६ ला ३०, २० ला ६०. बोर्डाबरोबर ५० किलोओहमचा पॉट आला असेल तर त्यावर १५ चा भार पडून फिरवण्याची चाल बिघडते: बराच वेळ काहीच नाही आणि शेवटच्या टप्प्यात एकदम उडी. १० किलोओहमचा दुहेरी लॉग पॉट घे.

सोल्डरिंगबद्दल फार सांगत नाही, कॉलेजात शिकवतीलच. तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग आयर्न असेल तर ३५० अंशांवर ठेव, ६०/४० ची चांगली सोल्डर वायर घे, जाड वायरी लावताना आधी वायर आणि पॅड दोन्हींवर वेगवेगळा सोल्डरचा पातळ थर चढवून घे. काम झालं की फ्लक्सचा चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने धुऊन काढ. आपल्याकडच्या पावसाळ्यात हा चिकटा ओल धरतो आणि पायांमधून हिरवट बुरशीसारखा गंज चढतो. गगनबावड्याकडून आलेल्या दोन बोर्डांत मी तोच पाहिला. पेटी एमडीएफची नको, दोन पावसाळ्यांत फुगते. प्लायवूड किंवा ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमची पट्टी कापून, भोकं मारून, आटे पाडून हवे असतील तर उद्यमनगरात जा. आपल्या शहरात हे काम जितक्या सहज होतं तितकं क्वचितच कुठे होत असेल. नॉबसुद्धा लेथवर वळवून मिळतो. ॲल्युमिनियमच्या पेटीचा आणखी एक फायदा आहे: ४०० किलोहर्ट्झच्या उघडझापेच्या पटी ८०० आणि १२०० किलोहर्ट्झवर येतात, म्हणजे थेट मिडियम वेव्हच्या पट्ट्यात. घरात कुणी रेडिओ लावत असेल तर उघड्या बोर्डाशेजारी तो खरखरेल. असा छोटा रेडिओ पेटीभोवती फिरवून कुठून गळतंय ते शोधताही येतं. स्पीकरच्या वायरी दीड स्क्वेअर मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या पुरतात. तीन मीटरला जाऊन-येऊन रेझिस्टन्स ०.०७ ओहम भरतो. महागड्या वायरीवर पैसे घालू नकोस.

पहिल्यांदा वीज देताना १९ व्होल्ट लावू नकोस. राउटरचा जुना १२ व्होल्टचा ॲडॉप्टर घे आणि प्लसच्या वाटेत गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये टाक; ऑटो स्पेअरच्या कुठल्याही दुकानात मिळेल. कंडेन्सर भरताना बल्ब क्षणभर चमकून विझला तर ठीक. पेटूनच राहिला किंवा ॲडॉप्टर कटकट करत बंद-चालू होऊ लागला तर कुठं तरी शॉर्ट आहे, आणि बल्बने तुझी चिप वाचवली. सगळं बरोबर असेल तर बल्ब काढ, स्पीकर न लावता मीटरने मोज. स्पीकरच्या प्रत्येक टर्मिनलवर ग्राउंडच्या मानाने सप्लायच्या निम्मे, म्हणजे ६ व्होल्ट दिसतील. घाबरू नकोस, ब्रिजमध्ये तसंच असतं. महत्त्वाचं आहे ते प्लस आणि मायनस टर्मिनलमधलं व्होल्टेज: ते काही मिलिव्होल्टच असायला हवं. ५० च्या वर जात असेल तर बाबांचे स्पीकर जोडू नकोस. पहिली दहा मिनिटं भंगारातला एखादा स्पीकर लाव. मग १९ व्होल्ट.

त्या निम्म्या व्होल्टेजमुळेच एक नियम आहे आणि तो मोडायचा नाही: स्पीकरचा मायनस ग्राउंडला लावायचा नाही, आणि डाव्या-उजव्या बाजूंचे मायनस एकमेकांना जोडायचे नाहीत. मी सुरुवातीच्या काळात एका गिऱ्हाइकाच्या ॲम्पला हेडफोनचा जॅक बसवून दिला होता. जॅकची बाहेरची कडी दोन्ही कानांना सामाईक असते, म्हणजे मी दोन्ही मायनस एकत्र केले. चिप तिथल्या तिथे गेली, आणि बोर्ड नवीन घेऊन द्यावा लागला. कॉलेजच्या लॅबमध्ये ऑसिलोस्कोप लावशील तेव्हाही त्याची काळी क्लिप स्पीकरच्या मायनसला लावू नकोस. ती आतून अर्थला जोडलेली असते.

ब्लूटूथ हवंच असेल तर एक त्रास ठरलेला आहे. ब्लूटूथ मॉड्यूलला ॲम्पच्याच सप्लायवरून ५ व्होल्ट दिले की गाणं थांबल्यावर चिंऽऽ असा बारीक आवाज येतो, गाणी बदलताना किर्र होतं. कारण मॉड्यूलचा करंट आणि आवाजाचं ग्राउंड एकाच वायरीतून परत जातात. बी ०५०५ एस नावाचा चार पायांचा आयसोलेटेड कन्व्हर्टर मिळतो, ५ व्होल्ट घेऊन ५ व्होल्टच देतो पण दोन्ही बाजूंचं ग्राउंड वेगळं ठेवतो. तो मॉड्यूलच्या आधी टाक. किंवा मॉड्यूलला वेगळा मोबाइल चार्जर दे. कंडेन्सरवर कंडेन्सर लावत बसू नकोस, त्याने हे जात नाही.

सगळं जोडून झालं की ऐकायचं काय? लोक दणदणीत बेसची गाणी लावतात. तू रात्री पंखा बंद करून, व्हॉल्यूम अगदी कमी ठेवून नुसता तंबोरा लाव. आपण मिरजेपासून तासाभराच्या अंतरावर राहतो, २०२४ साली जिथल्या तंबोऱ्याला आणि सतारीला भौगोलिक मानांकन मिळालं. आणि ज्या कोल्हापूरच्या दरबारात गायक अल्लादिया खाँसाहेब गात होते तिथं हे कान तयार व्हायला हवेत. तंबोऱ्याची जवारी म्हणजे एका तारेतून उमटणाऱ्या वरच्या स्वरांची ती गर्दी. ॲम्पचा फिल्टर वरचा काठ खात असेल तर ती सगळ्यात आधी पातळ होते. दोन तारांच्या मधल्या क्षणात सूऽऽ ऐकू आला तर गेन अजून जास्त आहे. खालच्या खर्जाच्या तारेवर पेटी थरथरली तर स्पीकरचा स्क्रू सैल आहे. मग खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर किंवा मोगूबाई कुर्डीकर यांची एखादी जुनी ध्वनिमुद्रिका लाव. तिच्यातली रेकॉर्डची खरखर वेगळी आणि गळा वेगळा असा ऐकू आला, खरखर गळ्याला चिकटून आली नाही, तर काम चांगलं झालंय.

आज एवढंच कर: स्पीकर खाली काढ, दोन्हींचा रेझिस्टन्स मोज आणि सेल लावून दिशा बघ. आकडे ६ ते ७ च्या मध्ये आले तर १९ व्होल्ट आणि ३११८ पक्कं. ४ च्या खाली आले तर कागदावरचं ८ चुकीचं आहे. मग १० मायक्रोहेन्रीच्या मोठ्या कॉइलचा आणि हीटसिंकचा ३११६ बोर्ड आणि ९० वॅटचा ॲडॉप्टर लागेल. आणि एक ६ दुसरा ३ असं निघालं तर बोर्ड मागवायच्या आधी मला सांग, तो स्पीकर उघडून बघावा लागेल.